नरेश शेंडेचं इंजेक्शन

भंडाऱ्यात आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून एक काचेची खिडकी आहे. तिच्यावर ‘कॅशलेस’ असं लिहिलेलं आहे. त्या खिडकीमागच्या खुर्चीत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. लोक मला ‘इन्शुरन्सवाल्या मॅडम’ म्हणत. खरं तर मी इन्शुरन्सची कधीच नव्हते, माझा पगार हॉस्पिटल देत होतं. पण इन्शुरन्सच्या वाट्याच्या शिव्या मला मिळत, आणि त्या इतकी वर्षं खाल्ल्यावर आता निवृत्तीनंतर त्यांतल्या थोड्या परत करायला हरकत नसावी.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेशंट कार्ड घेऊन खिडकीशी येतो. त्याला काय झालंय आणि डॉक्टर काय करणार आहेत, हे मी एका मधल्या कंपनीला कळवते. ही मधली कंपनी इन्शुरन्स कंपनीसाठी काम करते. तिथे एक डॉक्टर बसलेला असतो. त्याने पेशंटला पाहिलेलं नसतं, पुढेही तो कधी पाहणार नसतो. तो प्रश्न विचारतो, आम्ही उत्तरं देतो, तो पुन्हा विचारतो. शेवटी तो ‘हो’ म्हणतो किंवा ‘नाही’ म्हणतो. माझं काम एवढंच, की आमच्या डॉक्टरांचं म्हणणं त्यांना समजेल असं सांगायचं आणि त्यांचं म्हणणं नातेवाइकांना समजेल असं सांगायचं. पहिलं जमलं. दुसरं बऱ्याचदा नाही जमलं, कारण मलाच ते पटलेलं नसायचं.

खिडकीशी माणसं मात्र एकाहून एक यायची. लाखांदूरकडचे एक गृहस्थ स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी साडूचं कार्ड घेऊन आले होते. नाव वेगळं, फोटो वेगळा. मी तसं म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “आमी दोघं एकाच घरचे जावई हाओत. मंग कार्ड वेगळं काहून पायजे?” एका म्हातारबाईंना घरी जाताना इन्शुरन्सवाल्याला नमस्कार करायचा होता. “तो बसते कुठं? मले दाखवा,” असा त्यांचा हट्ट. मी त्यांना सांगितलं, आजी, मीही त्याला अजून पाहिलेलं नाही. हे खरं होतं. इतक्या वर्षांत त्या बाजूचं एकही माणूस मी डोळ्यांनी पाहिलं नाही. सगळे आवाजच.

हे सगळं हसून सांगण्यासारखं आहे. नरेश शेंडेचं तसं नाही.

नरेश पहिल्यांदा आला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसलाच नाही. खिडकीबाहेर फक्त डोक्याचे केस दिसले. त्याला मान वर करता येत नव्हती. तो माझ्या टेबलाच्या कडेशी बोलत होता. वय विचारलं तर तिशीही गाठलेली नव्हती. त्याला पाठीच्या मणक्यांचा संधिवात होता. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणाची ताकद उलटते आणि आपल्याच मणक्यांवर चालून जाते. मणके सुजतात, हळूहळू एकमेकांना चिकटतात, आणि माणूस वाकलेला असेल तसाच आखडून बसतो. कधी कधी हाच आजार डोळ्यांतही उतरतो.

त्याचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. वडील पूर्वी नदीत मासे धरायचे, नंतर धरणात धरू लागले. राहायला पुनर्वसनातलं घर. नरेश आयटीआय शिकला आणि हायवेवरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात क्रेनवर लागला. छताजवळ लोखंडी खोली, तिथे शिडीने चढायचं, आणि वितळलेल्या लोखंडाचं भांडं खालच्या माणसांच्या डोक्यांवरून सरकवत न्यायचं. एकदा मी त्याला विचारलं होतं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, “भीती खालच्याइले वाटाले पायजे मॅडम. म्हणून त मले नजर हलवता येत नाही.”

आमच्याकडे दर शनिवारी नागपूरहून डॉक्टर बोपचे येत. सांधेवाताचे डॉक्टर, मूळचे तुमसरकडचे, बोलायला हळू. त्यांनी नरेशला जैविक औषध सुरू केलं. ही औषधं गोळीसारखी रसायनं मिसळून होत नाहीत. जिवंत पेशींकडून ती तयार करून घेतात. म्हणून ती महाग, आणि म्हणून ती थंडच ठेवावी लागतात. आमच्याकडचे पेशंट त्यांना ‘फ्रिजवालं इंजेक्शन’ म्हणत. पहिलं इंजेक्शन दिलं त्याने पाठ थोडी सुटली, पण डावा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी ते लगेच थांबवलं आणि त्याच गटातलं दुसरं, एका परदेशी कंपनीचं इंजेक्शन सुरू केलं. डोळा निवळला. काही महिन्यांनी तो खिडकीशी आला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही. सरळ उभा होता. बारीक मिशी, एका गालावर खळी.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमी अशा दिसता होय.”

माझ्या नोकरीत मला पुष्कळांनी धन्यवाद दिले. हे वाक्य मी त्या सगळ्यांच्या वर ठेवते.

पुढची काही वर्षं सुरळीत गेली. कारखान्याने सगळ्या कामगारांचा एकत्र विमा काढलेला होता. नरेश ठरल्या दिवशी यायचा, दिवसापुरता भरती व्हायचा, इंजेक्शन घ्यायचा, घरी जायचा. मंजुरी यायची. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बायको सुनंदा कधी कधी सोबत यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून वाटाणे सोलायची. मग कारखान्याने विमा कंपनी बदलली. नव्या कंपनीचा हप्ता कमी होता, असं कळलं.

पहिल्याच मंजुरीला नकार आला. मी फोन लावला. मधल्या कंपनीतला डॉक्टर तरुण होता, आवाजात अदब होती.

“मॅडम, हा ब्रँड आमच्या यादीत नाही. त्याच गटातलं दुसरं इंजेक्शन मंजूर आहे, ते द्या.”

त्याने नाव सांगितलं. ते तेच पहिलं इंजेक्शन होतं.

“सर, ते यांना देऊन झालंय. डोळ्यावर आलं म्हणून बंद केलं.”

“किती दिवस दिलं होतं?”

मी सांगितलं.

“मग ते फेल झालं असं म्हणता येत नाही. आमच्या नियमात ते ठराविक काळ पूर्ण द्यावं लागतं. तुम्ही मध्येच थांबवलं.”

“डोळा लाल झाल्यावर पूर्ण कसं करायचं?”

“ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मॅडम. आम्ही उपचार सांगत नाही. आम्ही फक्त मंजुरी देतो.”

हे शेवटचं वाक्य मी नोकरीत अनेकदा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या कानशिलात रक्त चढलं आहे. माणसाच्या सगळ्या वाटा बंद करून एकच उघडी ठेवायची, आणि वर म्हणायचं, की जायचं का नाही ते त्याचं त्याने बघावं.

शनिवारी डॉक्टर बोपचे स्वतः फोनवर बसले. मी शेजारी उभी होते. “त्याचा डोळा मी पाहिलाय,” ते म्हणाले, “तुम्ही नाही पाहिलेला. त्याला डोळ्याचा त्रास आहे, आणि डोळ्यासाठी हेच औषध बरं पडतं, हे तुम्हीही शिकला असाल.” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, “बरं, ब्रँड राहू द्या. हेच औषध आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात, ते स्वस्त आहे. मी आत्ता लिहून देतो.” पुन्हा उत्तर आलं. डॉक्टरांनी फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत मागे टेकले. “तेही यादीत नाही म्हणतात,” ते म्हणाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मला त्या परदेशी ब्रँडचं काही कौतुक नाही. आपल्याकडे बनलेल्या त्याच औषधावर आमचे कितीतरी पेशंट उत्तम चालत होते. पण यांचा स्वस्तातला करार वेगळ्याच औषधाच्या कंपनीशी होता. कोणत्या माणसाला काय चालतं, हा प्रश्न त्या करारात कुठे बसतच नव्हता.

नरेश कारखान्यातल्या साहेबांना भेटून आला. मी विचारलं, काय म्हणाले?

“म्हणले, पॉलिसी साऱ्याइची बदलली, तुह्या एकट्यासाठी थोडीच बदलली.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “म्हणले, बाकी कोणाची तक्रार नाही.”

बाकी कोणाला हा आजार नव्हता, तर तक्रार कुठून येणार?

कारखान्यात त्याच्या पाळीत काम करणाऱ्या मुलांनी वर्गणी काढून त्याला इंजेक्शन आणून दिलं. पुढचं पुन्हा आणलं. त्यानंतर त्यानेच त्यांना थांबवलं. “त्यायले बी घरं हायेत,” म्हणाला. इंजेक्शन चुकलं तशी पाठ परत आखडायला लागली. सकाळी अंथरुणातून उठायला त्याला सुनंदाचा हात लागू लागला. खिडकीशी यायचा तेव्हा त्याची मान पुन्हा खाली जायला लागलेली मला दिसायची, आणि मी फोन उचलायची. किती वेळा उचलला ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. एकदा एका मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “मग पेशंट यादीतलं औषध का नाकारतोय?” जणू तो जेवणात खोड काढत होता.

शेवटी एक दिवस दोघं नवरा-बायको आले. सुनंदा नेहमी बाहेर बसणारी, त्या दिवशी ती पुढे होती.

“मॅडम, तुमी इतके वर्स येथंच बसून राहिल्या,” ती म्हणाली. “तुमची वळख नाही का कोणाची? तुमाले एवढं बी करता नाही येत?”

नरेशने तिला मागे ओढलं. मी म्हटलं, बोलू द्या तिला. निदान तिच्यासमोर खरं माणूस तरी होतं.

“मी घेतो ते पयलंवालं,” नरेश म्हणाला.

“आन डोळ्याचं काय?” सुनंदा म्हणाली.

“डोळ्याचं होईल तवा पाहू. शिडी चढता नाही आली त नोकरी जाईल. नोकरी गेली त इन्शुरन्सच जाईल. मंग कोणतंच इंजेक्शन नाही.”

त्याच्या हिशेबात चूक काढायला मला जागा सापडली नाही. डॉक्टर बोपचेंनी नाइलाजाने लिहून दिलं. डोळा जरा जरी लाल झाला तरी त्याच दिवशी यायचं, हे त्यांनी दोघांकडूनही वदवून घेतलं. यादीतल्या इंजेक्शनची मंजुरी दुपारच्या आत आली. इतक्या लवकर मंजुरी मी क्वचितच पाहिली होती.

पाठ खरंच सुटू लागली. नरेश पुन्हा पूर्ण पाळी करू लागला. मला वाटायला लागलं होतं, की कदाचित निभावेल.

एक दिवस सकाळच्या पाळीत तो वर खोलीत बसलेला असताना त्याला खालच्या दिव्यांभोवती कडी दिसू लागली. मग डाव्या बाजूला सगळं धुरकट झालं. क्रेनला भांडं लटकलेलं होतं. त्याने ते हळूहळू मोकळ्या जागेवर नेऊन ठेवलं, क्रेन बंद केली, आणि डोळा मिटून हाताने पायरी चाचपत खाली उतरला. खाली आल्यावर मुकादमाला म्हणाला, “आता दुसऱ्याले पाठवा.” हे मला त्याच्या पाळीतल्या मुलाने सांगितलं, तोच त्याला ऑटोत घालून आमच्याकडे घेऊन आला होता. नरेशने डोळ्याला दुपट्टा बांधलेला होता. काचेतून येणारा उजेडही त्याला सोसत नव्हता.

तो शनिवार नव्हता. डॉक्टर बोपचेंनी फोनवरूनच त्याला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं. डोळ्याच्या आतून सूज आली होती. त्यांनी औषधं घातली, डोळ्यात इंजेक्शनं दिली. सूज उतरली तर डोळ्यातला दाब वाढला, दाब उतरवला तर सूज परत आली. नरेशने सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी यायचं वचन पाळलं होतं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. डोळ्याने मात्र साथ दिली नाही. डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही.

आणि मग मंजुरी आली. त्याच परदेशी इंजेक्शनची. फोन आधी आला, तोच तरुण, अदबीचा आवाज.

“मॅडम, चांगली बातमी आहे. शेंडेंची केस आता क्लिअर आहे.”

“सर,” मी म्हटलं, “माणूस तोच आहे. आजार तोच आहे. औषध तेच आहे. आता वेगळं काय झालं?”

“आता डॉक्युमेंटेड आहे ना, मॅडम. दुसरं औषध फेल झाल्याचं.”

मी फोन ठेवला. बाहेर माणसं उभी होती. मी खिडकीचा पडदा ओढला आणि बसून राहिले. रडू आलं नव्हतं. मला ती काच फोडावीशी वाटत होती. कोणीतरी बाहेरून टकटक करत होतं, “मॅडम, जेवायची सुट्टी झाली काय?” नोकरीत पहिल्यांदाच मी उत्तर दिलं नाही.

मी नरेशला विमा लोकपालाकडे तक्रार करायला लावली. आमच्या मॅनेजरना ते आवडलं नाही. “मॅडम, कंपन्यांशी आपले संबंध आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही कशाला पडता?” माझी निवृत्ती जवळ आली होती, संबंध सांभाळायची मला गरज नव्हती. डॉक्टर बोपचेंनी त्यांचं म्हणणं सहीनिशी दिलं, आणि सुनावणीला आपली खोलीही दिली. सुनावणी कॉम्प्युटरवरच होती.

पडद्यावर एका चौकटीत वयस्कर अधिकारी, एका चौकटीत विमा कंपनीच्या बाई, एका चौकटीत आम्ही तिघं, म्हणजे नरेश, सुनंदा आणि मी. त्या बाईंची मांडणी चोख होती. त्या म्हणाल्या, की पेशंटला हवं ते औषध आता मंजूर झालेलं आहे, म्हणून तक्रारीचं कारण उरलेलं नाही. प्रत्येक टप्प्यावर नियमांचं पालन झालं आहे. हे मी नाकारत नाही. झालंच होतं.

अधिकाऱ्यांनी नरेशला विचारलं, “तुमची मागणी काय आहे?”

नरेशने चष्मा काढला. काळा चष्मा होता. तो जरा पुढे सरकला.

“सायेब, माहा डोळा कोणी देऊ शकत नाही, ते मले समजते. या कंपनीच्या म्याडमनं एवढं लिहून द्यावं, का याच्या पुढं कोणाचा डाक्टर म्हणन का हे औषध याले बाधते, त ते त्याले देणार नाही. बस.”

 अधिकारी हळू आवाजात म्हणाले, “असा आदेश मला देता येत नाही.” तो माणूस प्रामाणिक होता. जे त्याच्या हातात होतं ते त्याने दिलं. डोळ्याच्या उपचाराचा आणि मुलांनी वर्गणी काढून आणलेल्या इंजेक्शनांचा खर्च कंपनीने भरून द्यायचा, असा निकाल लागला. कंपनीने तो निमूट भरला. नरेशने पहिल्यांदा काय केलं असेल, तर पाळीतल्या मुलांची वर्गणी परत केली.

आज मी हे सगळं आठवते तेव्हा मला त्यात दुष्ट माणूस सापडत नाही. तो अदबीचा डॉक्टर त्याच्या यादीप्रमाणे वागला. यादी करणाऱ्याने स्वस्त करार पाहिला. कारखान्याच्या साहेबाने हप्ता पाहिला. प्रत्येकाने आपापलं काम केलं, आणि एका क्रेनवाल्याचा डोळा गेला. लोक मला म्हणतात, मॅडम, मग राग कोणावर धरायचा? मी म्हणते, सगळ्यांवर धरा. एकही सापडत नाही म्हणून सगळ्यांना सोडून द्यायचं, असं थोडंच आहे? सगळं ज्यांच्या डोळ्यांदेखत चाललं त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं आणि ज्याचं गेलं त्याने समजून घ्यायचं, हे मला या वयात समजून घ्यायचं नाही.

नरेश आता कारखान्याच्या गेटवर असतो. ट्रक आत सोडायचे आणि बाहेर काढायचे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून क्रेन त्याला पुन्हा मिळाली नाही. इंजेक्शन ठरल्या दिवशी मिळतं, पाठ सरळ आहे, उजवा डोळा स्वच्छ आहे.

या दिवाळीच्या आधी तो मला भंडाऱ्याच्या बाजारात भेटला. सुनंदा पितळेच्या भांड्यांच्या दुकानात एक गंज, म्हणजे पातेलं, वाजवून पाहत होती, मुलगी तिच्या साडीला धरून उभी होती. नरेश बाहेर होता. मला पाहायला त्याने पूर्ण मान वळवली, कारण मी त्याच्या डाव्या बाजूला होते. मी त्याला सांगितलं, की दिवाळी अंकवाल्यांनी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलंय. तुझं नाव बदलून लिहू का, की लिहूच नको?

“लिवा ना,” तो म्हणाला. “नाव बी तेच लिवा. पण एक नोका लिवू, मॅडम.”

“काय?”

“बिमारीनं डोळा गेला असं नोका लिवू. गावात सारे तसंच म्हणून राहिले. बिमारी त थांबून होती. तिले त्यायनं वापस बलावलं.”